अकरावं फंक्शन

हेमलतानं काँप्युटर प्रोग्रॅममधल्या एका फंक्शनचे चार तुकडे केले. पहिल्या तुकड्यात नुसतं नाव बदललं. दुसऱ्यात टिपा नीट लावल्या. तिसऱ्यात कुणा शहाण्यानं सात वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या आणि कुणीच कधी न वापरलेल्या नऊ ओळी उडवल्या. खरं काम चौथ्यात होतं. पण चौथा तुकडा आज पाठवायचा नव्हता. आज पहिला, परवा दुसरा. असं पुरवून पुरवून वापरलं की दहा दिवस आरामात निघत होते.

सकाळचे पावणेआठ वाजले होते. संस्थेत झाडलोट करणाऱ्या बाईशिवाय कुणी आलं नव्हतं. हेमलतानं पहिला तुकडा पत्राला जोडला, कामाच्या दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या, तिसरी लिहावी की नाही म्हणून थोडी थांबली आणि लिहिलीच. 'आमच्या भागात आता शेंगांची जत्रा भरेल, रस्ताभर शेंगांचे ढीग लागतील. तुमच्याकडे काय चाललंय?' मग बटण दाबलं आणि पत्र गेलं.

पत्र नॉर्वेला जायचं. तिथला एक माणूस या सगळ्या प्रोग्रॅमचा कारभारी होता. हेमलतानं त्याला कधी पाहिलं नव्हतं, आवाज ऐकला नव्हता. मनातल्या मनात ती त्याला नॉर्वेकर म्हणायची, जणू सदाशिव पेठेतच कुठे तरी त्याचं बिऱ्हाड होतं. प्रोग्रॅम फुकटचा. जगभरची माणसं आपापल्या जागी बसून तो लिहायची, सुधारायची आणि नॉर्वेकराकडे पाठवायची. पगार कुणालाच नाही. विंडोजच्या मशीनवरच्या फायली युनिक्सच्या मशीनवर नेऊन ठेवता याव्यात म्हणून तो केलेला. दोन्हीकडे फाइलचं नाव लिहिण्याची रीत वेगळी, तेव्हा नावातलं एकेक अक्षर इकडच्या रीतीतून तिकडच्या रीतीत बदलून द्यावं लागे. त्यासाठी अकरा फंक्शनं होती. अकरा वेगळ्या माणसांनी, अकरा वेगळ्या वेळी लिहिलेली, आणि एकाचा पायपोस दुसऱ्याच्या पायात नाही. ती सगळी मोडून एकसारखी करायचं काम हेमलतानं मागच्या वर्षी आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

नॉर्वेकराचा नियम होता, एका वेळी एकच छोटा बदल पाठवायचा, म्हणजे तपासायला सोपं जातं. नियम चांगलाच होता. पण एका तुकड्याला एक उत्तर येतं हे हेमलताच्या लक्षात आलं आणि तिथून तुकडे बारीक होत गेले. 'लावला, आभार,' एवढंच उत्तर असे, पण खाली एखादी ओळ जास्तीची. आज बर्फ पडला. कुत्र्यानं बूट खाल्ला. कालचं सूप खारट झालं. ती ओळ वाचायला हेमलता सकाळची पहिली बस पकडून यायची.

हसण्यासारखं आहे खरं. एकोणपन्नास वर्षांची बाई, सरकारी संस्थेत बावीस वर्षं नोकरी, हाताखाली चार माणसं, आणि कुण्या परक्याच्या कुत्र्यानं बूट खाल्ला म्हणून दिवसभर खूश! पण आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. आई होती तेव्हा घरात एवढी बडबड चालायची की हेमलता वैतागून गच्चीत जाऊन उभी राहायची. आता शनिवारी दुपारी संस्थेतून निघाली की तिच्या तोंडून पुढचा शब्द निघायचा तो सोमवारी सकाळी, बसच्या कंडक्टरपाशी. एका सोमवारी आवाजच फुटला नाही. कंडक्टरनं दोनदा विचारलं, तेव्हा कुठे घसा खाकरून तिनं तिकीट मागितलं. त्या दिवशी तिला स्वतःची भीती वाटली.

आता त्या अकराव्या फंक्शनचं.

दहा फंक्शनांत गबाळेपणा होता, पण धोका नव्हता. अकराव्यात होता. फाइलचं नाव बदलायचं म्हटलं की जुनं नाव आणि नवं नाव अशी दोन नावं त्याच्याकडे एकदम यायची. नावं आटोपशीर असली तर ठीक. लांबलचक असली तर ते दोन्ही एकाच पाटीवर लिहायचं, आणि दुसरं लिहिताना पहिलं पुसलं जायचं. मग भलत्याच फाइलवर भलती फाइल जाऊन बसणार आणि खालची कायमची गेली. हेमलताला हे जुलैमध्येच दिसलं होतं. चार दिवसांत तिनं ते फंक्शन नव्यानं लिहिलं, शंभर तऱ्हांनी तपासलं, दोन पानांचं झालं. देखणं झालं होतं, स्वतःच्याच कामाकडे बघत बसावं इतकं.

पण यादीतलं ते शेवटचं होतं. ते पाठवलं की गंगेत घोडं न्हालं, आणि पत्रंही बंद. तिनं मनाची समजूत घातली. एवढं लांब नाव ठेवतो कोण? इतकी वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही, ते आणखी चार महिन्यांत थोडंच बिघडणार आहे? आधी बाकीचे बारीकसारीक तुकडे जाऊ देत. तिनं ते फ्लॉपीवर घातलं, फ्लॉपी टेबलाच्या खणात ठेवली आणि खण लावून टाकला. नोव्हेंबर आला तरी तो खण लावलेलाच होता.

जत्रेच्या आधीच्या रविवारी सकाळी येसाजी माने जिन्याखाली येऊन उभे राहिले. हे तिचे घरमालक. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळूरला आलं आणि इथलंच झालं. बसवनगुडीतल्या घरात खाली मान्यांचं अकरा माणसांचं खटलं, वर दोन खोल्यांत हेमलता. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा साचे बनवायचा कारखाना होता.

"अक्का, स्वल्प खाली येता काय? कारखान्यापर्यंत जाऊन येऊ."

"काय झालं, येसाजीराव?"

"तुम्ही बसवून दिलेलं मशीन बघायचं होतं. मशीनला मी नावं ठेवत नाही हां, मशीन चोख आहे. माणसानं घोळ घातलाय."

मागच्या वर्षी हेमलतानंच त्यांना हा फुकटचा प्रोग्रॅम एका जुन्या मशीनवर बसवून दिला होता, म्हणजे कारखान्यातली सगळी ड्रॉइंगं एका जागी राहावीत. शेजारधर्म म्हणून. गाडीत येसाजी बोलत राहिले आणि ती ऐकत राहिली. एका मोठ्या पार्टीच्या साच्याचं ड्रॉइंग गेलं होतं. बावीस दिवसांचं काम. फाइल उघडली तर आत दुसऱ्याच साच्याचं ड्रॉइंग. पार्टीनं काम काढून घेतलं.

"मालोजीनं एकावर दुसरं चढवून ठेवलं. काय बोलायचं? तीस वर्षं आमच्याकडचा माणूस. बोर्डावर पेन्सिलीनं ओढायचा तेव्हा केसाएवढी चूक नाही. पण काँप्युटर त्याला जमत नाही, अक्का. मागच्या आठवड्यात म्हटलं त्याला, वय झालं, आता घरी बसा."

मालोजींना हेमलतानं कारखान्यात पाहिलं होतं. अठ्ठावन्न वर्षांचा उंच, वाकलेला माणूस. माउस धरताना कप धरल्यासारखी करंगळी वर असायची.

"त्यांनीच केलं हे कशावरून?" तिनं विचारलं.

"अय्यो, तुम्हीच बघा की."

पीण्याला कारखाना बंद होता. येसाजींनी काँप्युटर लावून दिला आणि हेमलतानं फायलींची यादी उघडली. पडद्यावर एकाखाली एक चाळीस नावं आली आणि चाळीसही एकच दिसत होती. मालोजी बोर्डावर ड्रॉइंग करायचे तेव्हा कागदाच्या माथ्यावर आधी 'श्री तुळजाभवानी प्रसन्न' लिहायचे आणि मगच पट्टी ठेवायचे. काँप्युटरवर माथा कुठला? म्हणून ते फाइलच्या नावातच घालायचे. आधी देवी, मग पार्टीचं नाव, मग भागाचं, मग तारीख, शेवटी 'सुधारलेलं'. खिडकीत मावायची ती फक्त देवी. बघणाऱ्याला वाटणारच की माणसानं एक उघडायला जाऊन दुसरं उघडलं.

हेमलता मात्र नावाची अक्षरं मोजत होती. शहात्तर. दुसऱ्याची एक्क्याऐंशी. एवढं लांब नाव ठेवतो कोण, या प्रश्नाचं उत्तर समोर होतं. मशीनच्या नोंदी तिनं उघडल्या. बारा तारखेला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, मालोजींनी एका फाइलचं नाव बदललं होतं. अगदी बरोबर बदललं होतं. चूक त्यानंतरची होती, आणि ती मालोजींची नव्हती.

तिनं नोंदी मिटल्या.

"सापडेल काय ते?" येसाजींनी मागून विचारलं.

"नाही. गेलं ते."

"सरी, असू दे. गेलं तर गेलं. पुन्हा असं होऊ नये म्हणून काही करता येईल काय?"

"बघते मी," हेमलता म्हणाली. आणखी पुष्कळ बोलायचं होतं. परत येताना यशवंतपूरपासून घरापर्यंत ती वाक्यं जुळवत राहिली आणि घर आल्यावर "येते हं" म्हणून जिना चढून गेली.

सोमवारी तिनं खण उघडला. अकरावं फंक्शन एकाच तुकड्यात, जसं होतं तसं पाठवलं. पत्रात दोनच ओळी लिहिल्या. तिसरी सुचली नाही. मंगळवारी उत्तर आलं. 'लावला. फार सुंदर काम. यादीतलं हे शेवटचं, नाही का? सगळ्याबद्दल आभार.' कुत्रा नाही, बर्फ नाही. तिनं ते तीनदा वाचलं. उलट काही लिहावं असं त्यात काही विचारलेलंच नव्हतं.

बुधवारी रजा टाकून ती पीण्याला गेली आणि नवा प्रोग्रॅम मशीनवर चढवून आली. आता तिथं कितीही लांब नाव ठेवलं असतं तरी काही बिघडणार नव्हतं. कुणाला काही कळलंही नसतं. नॉर्वेकराला मालोजी माहीत नव्हते, येसाजींना नॉर्वेकर माहीत नव्हता, आणि दोन्ही टोकं जिच्या हातात होती ती तोंड उघडत नव्हती. पण मालोजी घरी बसले होते. खाली मान्यांच्या घरात कुणी नुसतं 'मालोजी' म्हटलं तरी वरच्या खोलीत हेमलताचा घास अडायचा. खाई त्याला खवखवे, दुसरं काय!

रविवारी ती पत्ता विचारत हनुमंतनगरात त्यांच्या घरी गेली. मालोजींनी पलंग भिंतीशी सरकवून खोलीत जुना ड्रॉइंग बोर्ड लावला होता. त्यावर कागद ताणलेला होता आणि ते पेन्सिलीनं तोच गेलेला साचा आठवून आठवून ओढत होते.

"या बाई. बसा." त्यांनी स्टूल पुसून दिलं. "पार्टी गेली, आता उपयोग नाही याचा. पण माझ्या हातून गेलं ना. निदान कागदावर तरी पुरं करावं."

"तुमच्या हातून नाही गेलं."

"आता समजूत नका घालू. मलाही आधी वाटलं, मी नाही केलं. मग वाटलं, केलंच असणार. मशीन कशाला खोटं बोलेल? जिथंतिथं देवीचं नाव लावत सुटलो, तिनंच कान पिळला."

हेमलतानं सांगितलं. पाटीचं सांगितलं, दोन नावांचं सांगितलं, बारा तारखेची दुपार सांगितली. मालोजी मध्येच उभे राहिले. पेन्सिल हातातच होती.

"अगं, ऐकलंस काय?" त्यांनी आत हाक मारली. "मी नाही केलं! बाई म्हणतात, मी बरोबरच केलं होतं!"

त्यांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले.

"दोन आठवडे जेवले नाहीत हो धड," ती म्हणाली. "रात्री उठून बसायचे. देवीच आली म्हणायची तुमच्या रूपानं." मग सहजच, डोळे पुसत पुसत, तिनं विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं हे?"

काल, म्हणता आलं असतं. मागच्या रविवारी म्हटलं असतं तर ते अर्धं खरंही होतं.

"जुलैत," हेमलता म्हणाली. "दुरुस्त करून ठेवलं होतं. पाठवलं नाही."

मालोजींच्या बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली. मालोजींनी पेन्सिल बोर्डाच्या कडेला ठेवली. घरंगळू नये म्हणून खाली कागदाची घडी लावली.

"येसाजी अण्णांना सांगायला जायचं ना?" शेवटी ते म्हणाले. "मी येतो बरोबर. पण एक करा, बाई. मशीनचं सांगा. जुलैचं नका सांगू. परवा कळलं म्हणा."

"असं कशाला?"

"त्यांचा राग तुम्ही पाहिलेला नाही. मी तीस वर्षं पाहतोय. त्यांच्या घरात राहता तुम्ही, एकट्या." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "माझं काम परत मिळालं की झालं. तुमचं घर कशाला जायला पाहिजे?"

हेमलतानं मशीनचं तेवढं सांगितलं; ते ऐकून येसाजींनी कपाळावर हात मारून घेतला. घरातली पोरं, सुना, सगळी दारात गोळा झाली. येसाजींनी सगळ्यांदेखत मालोजींचे दोन्ही हात धरले.

"चुकलं माझं, मालोजी. तीस वर्षांच्या माणसाला मी घरी बस म्हटलो! उद्या सकाळी यायचं. नाही, मी गाडी घेऊन येतो न्यायला." मग ते हेमलताकडे वळले. "आणि अक्का, तुम्ही नसता तर? ह्या माणसाचं काय झालं असतं? मालन, पानं मांड! आज अक्का वर जाणार नाहीत."

मधल्या खोलीत केळीची तीन पानं मांडली. येसाजींच्या बायकोनं, मालनबाईंनी, मोसमातल्या पहिल्या अवरेकाळूचं, म्हणजे वालाच्या ओल्या दाण्यांचं, सारू केलं होतं. अक्कांना चालत नाही म्हणून मटणाची भांडी लांब ठेवली होती. हेमलताच्या पानावर त्यांनी विचारल्याशिवाय तूप वाढलं. आई गेल्यापासून असं कुणी वाढलं नव्हतं. भरल्या घराचा गलबला चारी बाजूंनी चालला होता, कुणी तरी रडत होतं, कुणी तरी रेडिओ लावला होता, आणि हेमलताला ते सगळं इतकं बरं वाटलं की मान वर करवेना.

"पीण्यात सगळ्यांना सांगतो बघा," येसाजी जेवता जेवता म्हणाले. "जगात कुणाला सापडलं नाही ते आमच्या वरच्या मजल्यावर सापडलं! आणि दर रविवारी आता इथंच जेवायचं. मी विचारत नाही, सांगतोय."

"हो हो," मालनबाई म्हणाल्या, "एकटीसाठी काय चूल पेटवायची?"

मालोजी पानाकडे बघून जेवत होते. त्यांची चूक नव्हती हे ठरलं होतं, काम परत मिळालं होतं. कुणी काही विचारत नव्हतं. आता नुसतं जेवायचं होतं.

हेमलतानं हातातला घास पानावर ठेवला.

"येसाजीराव, मला हे जुलैतच माहीत होतं."

येसाजींना कळलं नाही. "काय माहीत होतं?"

"तो दोष. दुरुस्ती करून खणात ठेवली होती मी. तेव्हाच पाठवली असती तर ड्रॉइंग गेलं नसतं. मालोजींना तुम्ही काही बोलला नसता."

"चार महिने?"

"हो."

"का पण?"

तिला वाटलं होतं, हे सांगायला अवघड जाईल. तसं काही झालं नाही. "त्या कामाची पत्रं यायची मला. एका माणसाची. ते पाठवलं की काम संपलं असतं आणि पत्रं बंद झाली असती. मला दुसरं कुणी नाही बोलायला."

"पत्रासाठी," येसाजी म्हणाले. त्यांनी मालोजींकडे पाहिलं, मालोजींनी मान खाली घातलेली पाहिली, आणि मालोजींनाही हे माहीत होतं हे त्यांना समजलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, पानावरच हात धुतला आणि अर्ध्या जेवणावरून उठून ते बाहेर गेले. मालनबाई हातातली पळी पातेल्यात ठेवून त्यांच्या मागून गेल्या. दारातली पोरंही एकेक करून नाहीशी झाली. कुणी तरी रेडिओ बंद केला.

मालोजींचं जेवण झालं होतं. इकडच्या रीतीप्रमाणे पान मिटून ते उठणारच होते. हेमलताच्या पानावर भात तसाच पडून होता आणि ती त्यात बोटं घालून नुसती बसली होती. मालोजींनी एकदा बाहेरच्या दाराकडे पाहिलं. मग मिटत आणलेलं पान पुन्हा सरळ केलं, भाताचं पातेलं स्वतःच जवळ ओढलं, आणि चमचाभर भात वाढून घेऊन त्यावर ताक ओतलं.

"सावकाश होऊ द्या," ते म्हणाले आणि कालवायला लागले.